मुमताज बेगम
इंदूरच्या होळकर दरबारातून निसटलेली नर्तकी व गायिका. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या आश्रयाला ती कोवळ्या वयात आली. कायद्याने ती गुलाम नव्हती. पण आपल्यावर सतत पहारा असे आणि इंदुरात राहण्याची आपली इच्छा नव्हती, असे तिने पुढे न्यायालयात सांगितले. तिथे जन्मलेली आपली मुलगी दायांनी मारली, हाही तिचा आरोप होता. मसुरीला नेत असताना वाटेत दिल्लीला उतरून तिने स्वतःची सुटका करून घेतली.

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर, तिला परत इंदूरला नेऊ पाहणाऱ्या टोळक्याने मुमताजची मोटार अडवली. सोबतचे व्यापारी अब्दुल कादर बावला गोळीबारात मारले गेले. तिच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले. गोल्फ खेळून परतणाऱ्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी हल्लेखोरांशी झुंजून तिला सोडवले. त्यात गोल्फची काठीही हत्यार म्हणून चालली. ‘बावला खून खटला’ म्हणून हे प्रकरण गाजले, आणि त्या नावात ती स्वतः मात्र झाकली गेली. तिची निर्भय साक्ष हाच खटल्याचा गाभा होता. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. या प्रकरणामुळे १९२६ मध्ये तुकोजीरावांना गादी सोडावी लागली.