राजकन्या आणि परकेपण

रत्नागिरीचें नांव निघालें कीं थिबा राजाच्या राजवाड्याची आठवण व्हावयाचीच. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८५ च्या नोव्हेंबरांत पदच्युत झाला, कांहीं महिने मद्रासेस राहून १८८६ च्या एप्रिलांत रत्नागिरीस आला आणि १९१६ च्या डिसेंबरांत येथेंच निवर्तला. त्याचें राज्य कसें गेलें याची चर्चा पुष्कळ होते. परंतु त्याच्या चार मुली येथें कशा वाढल्या, या प्रश्नांत आम्हांस अधिक बोध दिसतो. पौगंडावस्थेंतील मुलांना वाटणाऱ्या परकेपणाचें मूळ घरांत असतें कीं घराबाहेर, याचा उलगडा त्यांच्या चरित्रांवरून बराच होतो.

थोरल्या दोघी मंडालेस जन्मल्या. रत्नागिरीस आल्या तेव्हां एकीला पांच व दुसरीला तीन वर्षें झालीं होतीं. तिसरी मद्रासेस १८८६ त व चौथी रत्नागिरीसच १८८७ त जन्मली. या दोघींनीं बालपणीं ब्रह्मदेश पाहिलाच नव्हता. आज लोक पाहावयास जातात तो राजवाडा १९१० सालीं तयार झाला. तोंपर्यंत थोरली तिशीला येऊन ठेपली होती. अर्थात् चौघींचेंही कोवळें वय त्यापूर्वींच, पहाऱ्यांतील बंगल्यांत, सरलें होतें.

पहारा सरकारचा होता हें खरें. पण त्याच्या आंत दुसरी एक भिंत होती, ती घरानें बांधली होती. नोकरचाकरांच्या तोंडून गांवची बोली मुलींच्या कानीं पडे. घरांत मात्र राजापुढें गुडघे टेकण्याची दरबारी रीत चालूच होती. विवाह राजकुळांतच व्हावयाचा. खुद्द थिबा व राणी सुपायालत हीं सावत्र भावंडें होतीं. असा वर रत्नागिरीस कोठून यावा? तुम्ही राजकन्या आहां, असें घर सांगे. आणि ज्या प्रजेनें त्यांना राजकन्या म्हणावें ती समुद्रापलीकडे होती.

तरुणाची स्वतःविषयींची कल्पना व समाजानें त्याला दिलेली ओळख यांचा मेळ बसावा लागतो, असें एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानें पुढें प्रतिपादिलें. त्याचा याविषयींचा प्रसिद्ध ग्रंथ १९५० चा. रत्नागिरींत हा मेळ बसणें शक्यच नव्हतें.

न सुटलेला तो प्रश्न निदान तिघींनीं पुढें आपापल्या परीनें सोडविला. थोरलीला १९०६ सालीं एका मराठी नोकरापासून टूटू ही मुलगी झाली. दुसरीनें १९१७ सालीं आईच्या इच्छेविरुद्ध एका ब्रह्मी गृहस्थाशीं लग्न केलें व आईशीं तिचा संबंध तुटला. १९१९ सालीं राणी बाकीच्या मुलींसह ब्रह्मदेशीं परतली. तेथें एक विलक्षण गोष्ट घडली. मंडालेस जन्मलेली थोरली पुन्हां रत्नागिरीस आली व १९४७ सालीं येथेंच वारली. उलट रत्नागिरीस जन्मलेल्या धाकटीनें ब्रह्मदेशाच्या राज्यावर हक्क सांगितला, आणि १९३२ सालीं इंग्रज सरकारनें तिची रवानगी मोलमेनला केली. जन्मभूमीनें माणसाची ओळख ठरते, हा समज येथें टिकत नाहीं.

थिबाला दोष देणें सोपें आहे. पण राज्य गमावलेल्या बापाजवळ कुळाच्या आठवणीवांचून मुलींना द्यावयास दुसरें काय होतें? ती देऊन घराचें दार उघडें ठेवलें असतें, तर आठवण आणि शेजार हीं दोन्ही मुलींना लाभलीं असतीं, असें आम्हांस वाटतें. टूटूनें रत्नागिरींतच संसार केला व २००० सालीं ती येथेंच वारली. आजोबांच्या वैभवांतलें कांहींही तिच्या वांट्यास आलें नाहीं. गांव मात्र तिचें होतें.