शेपटीचा तांबडा दिवा

पुढची वाट दिसावी म्हणून दिवा लागतो, हे माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु मागून येणाऱ्यास आपण दिसावे म्हणूनही दिवा लागतो, ही गोष्ट मात्र त्याला कायद्याने शिकवावी लागली. आणि ती शिकण्यास त्याने बराच काळ घेतला. या शिक्षणाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ज्यांचे आयुष्य नियम करण्यात, राबविण्यात आणि त्यांना अपवाद शोधण्यात गेले, अशा आमच्या वाचकांना तर तो विशेष ओळखीचा वाटेल.

दिल्लीस १९६४ पासून आणि कलकत्त्यास १९६८ पासून ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राच्या विद्यमाने जुन्या मोटारींचे मेळावे भरत आले आहेत. नोकरीनिमित्त त्या शहरी राहिलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी थंडीच्या दिवसांत मुलाबाळांसह ही मिरवणूक पाहिली असेल. निजामाच्या रेल्वेकरिता १९१४ साली विलायतेत बांधलेला आगीचा बंब, जो पुढे दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आला, तोही या मेळाव्यात मिरवून गेला आहे. बघ्यांची गर्दी अर्थातच गाड्यांच्या तोंडाशी असते. पितळी दिवे, भोंगा, चकचकीत जाळी यांचे कौतुक चालते. आम्हांस मात्र गाडीच्या मागे जाऊन उभे राहण्याची खोड आहे. तेथे बहुधा दोन लहानशा तांबड्या काचा दिसतात, आणि पुष्कळदा त्या गाडीच्या इतर अवयवांशी न जुळणाऱ्या असतात. कोठे नव्या स्क्रूंनी मडगार्डावर बसविलेल्या, कोठे पट्टीला लटकविलेल्या, तर कोठे मुळीच नाहीत. एकदा एका वृद्ध मालकास आम्ही त्याविषयी विचारले. ते जरा खिन्नपणे म्हणाले, “अहो, आजोबांच्या फेट्याला प्लास्टिकचे फूल लावल्यासारखे वाटते. पण साहेब लोकांनी कागदावर खूण केली, आम्ही लावले.” या उत्तराने आमची जिज्ञासा चाळवली. आजोबांच्या फेट्याला हे फूल प्रथम लावले कोणी, आणि का?

तांबडा रंग मोटारीच्या आधी रेल्वेने धोक्यासाठी रूढ केला. १८४१ साली बर्मिंगहॅम येथे निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांच्या प्रतिनिधींची सभा भरली. तांबडा म्हणजे धोका, हिरवा म्हणजे सावधगिरी आणि पांढरा म्हणजे मोकळी वाट, असा संकेत तेथे ठरला. पुढे पांढरा मागे पडला, कारण सिग्नलची तांबडी काच फुटून पडली की आतला पांढरा दिवा ‘वाट मोकळी आहे’ असे खोटेच सांगू लागे. हिरवा त्याच्या जागी गेला. तांबडा मात्र जागचा हलला नाही. गाडीच्या अखेरच्या डब्यास तांबडा दिवा लावण्याची चालही रेल्वेचीच. स्टेशनमास्तर धावत्या गाडीचा हा शेपटीचा दिवा मुद्दाम पाहतो, तो केवळ मागच्या गाडीच्या काळजीने नव्हे. तो दिवा दिसला म्हणजे गाडी अखंड गेली, एखादा डबा तुटून मार्गात राहिला नाही, अशी त्याची खात्री होते.

रस्त्यावर मात्र प्रारंभी तांबडा रंग गाडीच्या मागे नव्हे, तर पुढे होता. इंग्लंडमधील १८६५ च्या कायद्यान्वये यांत्रिक वाहनाच्या साठ यार्ड पुढे एका माणसाने तांबडे निशाण घेऊन चालावे लागे, आणि वाहनाचा वेग गावाबाहेर ताशी चार व गावात दोन मैलांहून अधिक नसावा अशी सक्ती होती. १८७८ मध्ये निशाण सुटले. १८९६ मध्ये पुढे चालणारा माणूसही सुटला. त्या मुक्ततेच्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडनहून ब्रायटनला मोटारींची जी यात्रा निघाली, तिची स्मृती म्हणून जुन्या मोटारींची वारी आजही त्या वाटेने जाते. १९०५ पूर्वी बांधलेल्या गाड्यांनाच तीत मान असतो.

मागच्या दिव्याचा जन्म याहून गद्य कारणाने झाला. १९०३ च्या मोटार कायद्याने इंग्लंडात गाड्यांना नंबर आले. नंबर आला म्हणजे तो रात्री वाचता आला पाहिजे. म्हणून मागे तेलाचा एक दिवा आला. त्याच्या बाजूच्या पांढऱ्या काचेतून उजेड नंबराच्या पाटीवर पडे आणि मागच्या काचेतून तांबडा प्रकाश दिसे. एका वातीने शिपायाची सोय झाली आणि मागून येणाऱ्याचीही. १९२७ च्या कायद्याने रस्त्यावरील दिव्यांची घडी अधिक नीट बसविली. सायकलस्वारांना तेव्हा सवलत मिळाली की मागे जळता दिवा नको असेल तर तांबडे परावर्तक भिंग, म्हणजे ज्यास सर्वजण रिफ्लेक्टर म्हणतात ते, लावले तरी चालेल. हीदेखील सायकलवाल्यांच्या पुढाऱ्यांना जाचक वाटली. त्यांचे म्हणणे असे की, पुढे काय आहे हे पाहून गाडी हाकणे हे मागच्याचे कर्तव्य आहे. पुढच्याने दिसण्याची जबाबदारी घेतली की मागचा बेफिकीर होईल. हा युक्तिवाद पोकळ नाही. वेगवानाने आपले ओझे मंदगतीच्या शिरावर टाकावे काय, हा प्रश्न आजही जिवंत आहे. परंतु अंधारातील रस्ता न्यायनिवाड्यासाठी थांबत नाही, हेही तितकेच खरे.

या भिंगाची करामत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. साध्या आरशावर तिरपा पडलेला प्रकाश दुसरीकडेच निघून जातो. परावर्तकात मात्र एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांचे इवलाले कोपरे असंख्य असतात. त्यांत शिरलेला किरण तीनदा आपटून ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत फिरतो. मोटार हाकणाऱ्याचे डोळे त्याच्या दिव्यांच्या जवळच असल्याने त्याला ते भिंग पेटल्यासारखे दिसते. बाजूस उभ्या असलेल्याला ते विझलेलेच असते. त्याला तेल नको, वात नको, वीज नको. बिघडलेल्या आणि दिवे गेलेल्या गाडीलाही ते सांभाळते. एवढे मात्र खरे की, त्यावर चिखल बसला की ते आंधळे होते.

रंगाचाही एक व्याकरणनियम ठरून गेला आहे. पुढे पांढरा, मागे तांबडा. नंबराच्या पाटीचा आणि गाडी मागे घेतानाचा दिवा वगळला, तर मागे पांढरा उजेड दाखविणे म्हणजे खोटे बोलणे होय. काळोखात गाडीचा आकार दिसत नाही, फक्त ठिपके दिसतात. तांबडा ठिपका सांगतो की ही गाडी तुमच्याच दिशेने चालली आहे किंवा उभी आहे; पांढरा सांगतो की ती समोरून येत आहे. हौसेने कोणी मागे पांढरे वा निळे भिंग लावले, तर मागच्याच्या हिशेबात क्षणभर घोटाळा होतो, आणि रात्रीच्या रस्त्यावर तेवढा क्षण पुरतो.

जुन्या मोटारींवर खरे संकट आले ते १९५४ साली. इंग्लंडात १९५३ मध्ये मागील दिव्यांसंबंधी स्वतंत्र कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५४ पासून मोटारींना मागे दोन तांबडे दिवे आणि दोन तांबडे परावर्तक असणे आवश्यक झाले. १९३० च्या सुमाराच्या कित्येक गाड्यांना मागे एकच दिवा असे. त्यांच्या मालकांनी नाइलाजाने दुसरा दिवा व दोन भिंगे विकत घेतली. आजोबांच्या फेट्यावरील फुलाचा उगम हा असा आहे. वयाकडे पाहून कायद्याने येथे सूट दिली नाही, कारण मागून येणाऱ्याला वय दिसत नाही. मात्र पुढील काळातील नियमांनी एक सुज्ञ सवलत ठेवली: ज्या वाहनास पुढचे-मागचे दिवे मुळातच नाहीत आणि जे सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात रस्त्यावर येते, त्याला दिवे व परावर्तक बसविण्याची सक्ती नाही.

रस्त्यास लायक आहे की नाही, या तपासणीचाही असाच प्रवास झाला. १९६० मध्ये तेथे दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची वार्षिक परीक्षा सुरू झाली. १९६७ पर्यंत ही मर्यादा तीन वर्षांवर आली. नंतर चक्र उलटे फिरले. २०१२ पासून १९६० पूर्वीच्या गाड्यांना, आणि २०१८ पासून मोठा फेरबदल न झालेल्या चाळीस वर्षांवरील गाड्यांना ही परीक्षा माफ झाली. परीक्षा माफ झाली, जबाबदारी नव्हे. गाडी सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य मालकावर पूर्ववत आहे. जेथे तपासनीस नाही तेथे सद्सद्विवेकाला तपासनीस नेमणे, हा राज्यकारभारातील सर्वांत अवघड आणि सर्वांत सभ्य प्रकार होय.

आपल्याकडे १९१४ चा पहिला अखिल भारतीय मोटार कायदा, मग १९३९ चा, आणि १ जुलै १९८९ पासून अमलात आलेला १९८८ चा, अशी परंपरा आहे. १९३९ च्या कायद्याखाली गाडीच्या बांधणीचे नियम प्रांतोप्रांती होत. १९८८ च्या कायद्याने दिवे व परावर्तक यांसह बांधणीचे नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे नेला, आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांनी मोटारीस मागे दोन्ही बाजूंना एकेक तांबडे परावर्तक ठरवून दिले. परंतु ज्या गाडीच्या जन्मकाळी हा नियम कोणाच्या स्वप्नीही नव्हता, तिचे काय? पुष्कळ वर्षे आमच्याकडे या प्रश्नाला वेगळे घरच नव्हते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी पुन्हा. या खिडकीत १९२० ची गाडी आणि मागल्या दशकातली गाडी एकाच रांगेत उभी असे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेली, खासगी वापराची दुचाकी वा चारचाकी, जिचा सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नाही, ती या वर्गात येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीस पाच हजार, आणि मुदत दहा वर्षे. तिने रस्त्यावर यावे ते प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन वा दुरुस्ती यांसाठी. रोजच्या वा व्यापारी वाहतुकीसाठी नव्हे.

येथे आमच्या वृद्ध स्नेह्यांचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. मूळ स्वरूप राखा असेही शासन म्हणते, आणि तांबडे भिंग लावा असेही म्हणते. हा विरोध खरा की वरवरचा? आम्हांस तो वरवरचा वाटतो. मडगार्डास भोक न पाडता, काढता-घालता येईल अशा पट्टीवर बसविलेले भिंग गाडीचा सांगाडा बदलीत नाही की इंजिन बदलीत नाही. शिवाय मूळ स्वरूप म्हणजे कारखान्याच्या दारातून बाहेर पडतानाचा क्षण तेवढा, असे मानणे इतिहासाला धरून नाही. एखाद्या वाड्यात कंदिलाच्या हुकाशेजारी विजेचे बटण दिसते, म्हणून तो वाडा खोटा ठरत नाही. तेथे माणसे राहिली, एवढेच त्यावरून कळते. १९३० च्या गाडीवरील १९५४ चे भिंगही तसेच. तो तिच्या चरित्रातला एक उतारा आहे.

या प्रश्नात मोटारींच्या हौसेहून मोठे काही गुंतले आहे, याची आठवण आम्हांस स्वदेशी गेल्यावर होते. पश्चिम महाराष्ट्रात उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेला लागतात. आखाखाली मिणमिणता कंदील असला तर असला. मागून भरधाव येणाऱ्यास तो काळा ढीग फार उशिरा दिसतो, आणि असे अपघात होऊन घरे उघडी पडतात. हंगामाच्या आरंभी अशा वाहनांना तांबडी भिंगे वा पट्ट्या लावण्याची जी मोहीम अनेक ठिकाणी निघते, तिचे मोल कोणत्याही समारंभाहून अधिक आहे. तेथे फेट्याच्या शोभेचा प्रश्न नसतो. फेटा बांधणारा घरी परतण्याचा असतो.

आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना एवढेच म्हणालो की, हे फूल आजोबांसाठी नाही, मागून येणाऱ्या नातवासाठी आहे. ते हसले, खिशातून हातरुमाल काढला आणि दोन्ही काचांवरची धूळ पुसली.