रॉ फोटोतील रंग कसे सुधारावेत? व्हाइट बॅलन्सची ओळख



परदेशात आपला गणपती बसतो तो बहुधा शाळेच्या किंवा कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये. वर ट्यूबलाइट, खिडकीतून दिवसाचा उजेड, मखरावर दिव्यांच्या माळा आणि समोर समई. डोळ्यांना सगळे छान दिसते, पण घरी येऊन फोटो पाहावेत तर चेहरे हिरवट, पांढरा सदरा पिवळा आणि कुंकू तपकिरी! हेच फोटो आपण भारतात आजी-आजोबांना पाठवतो आणि पुढे मुलेही हेच पाहणार असतात. म्हणून रंग नीट करण्याची ही साधी पद्धत.

असे का होते?

आपला मेंदू प्रकाशाचा रंग आपोआप वजा करतो. पांढरा सदरा उन्हात पांढरा दिसतो आणि बल्बखालीही पांढराच वाटतो. कॅमेऱ्याला ही सवय नाही. त्याला अंदाज करावा लागतो आणि तो चुकतो. प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. साधारण आकडे असे:

- समई, निरांजन, मेणबत्ती : सुमारे १९००
- जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब : २७०० ते २९००
- दुपारचे ऊन, कॅमेऱ्याचा फ्लॅश : ५२०० ते ५५००
- ढगाळ दिवस : ६००० ते ६५००
- स्वच्छ दिवशीची सावली : ७००० ते ८०००

आकडा लहान तर प्रकाश पिवळा-तांबूस, मोठा तर निळसर. ट्यूबलाइटची हिरवी झाक या मापात बसत नाही, म्हणून तिच्यासाठी टिंट हे वेगळे माप असते.

रॉच का?

जेपेग म्हणजे फोडणी देऊन तयार झालेली भाजी, तर रॉ म्हणजे चिरून ठेवलेली. व्हाइट बॅलन्स म्हणजे मुळात लाल आणि निळ्या रंगाचे आकडे ठरावीक पटीने वाढवणे किंवा कमी करणे. जेपेगमध्ये हे आधीच होऊन गेलेले असते आणि प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या उरतात. रॉमध्ये १२ बिटला ४०९६, तर १४ बिटला १६३८४ पायऱ्या असतात. कॅमेऱ्याचे सेटिंग ही तिथे केवळ सोबत जोडलेली चिठ्ठी असते; ती कितीदाही बदला, मूळ माहितीला धक्का लागत नाही. रॉसाठी मोठा कॅमेराच हवा असेही नाही. अनेक अँड्रॉइड फोन आणि आयफोनची काही प्रो मॉडेल्सही रॉ फोटो काढतात.

संगणकावर काय करायचे?

लाइटरूमसाठी वर्गणी भरावी लागते; डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफत आहेत. प्रत्येकात बटणांची नावे आणि जागा थोड्या वेगळ्या, पण तत्त्व एकच.

१. आधी स्क्रीनचा रात्रीचा पिवळा मोड बंद करा. तो चालू ठेवून सुधारलेला फोटो दुसऱ्याच्या स्क्रीनवर निळा दिसतो.

२. आयड्रॉपर घ्या आणि फोटोतल्या रंगहीन, करड्या जागेवर क्लिक करा. उजेडाने पूर्ण पांढरी पडलेली जागा नको. तिथे रंगाची माहितीच उरलेली नसते. नीळ दिलेला सदराही टाळा. तो मुळातच निळसर असल्याने सॉफ्टवेअर निळा रंग काढते आणि सगळा फोटो पिवळा होतो. सोवळ्याच्या रेशमावर क्लिक केले तर उलट घडते.

३. मग टेम्परेचरचा स्लायडर थोडा हलवा. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो : मोठा आकडा म्हणजे निळा प्रकाश, मग स्लायडर वाढवल्यावर फोटो पिवळा का होतो? कारण आपण सॉफ्टवेअरला सांगत असतो की फोटो काढताना प्रकाश इतका निळा होता. त्याची भरपाई म्हणून ते पिवळा वाढवते.

४. ट्यूबलाइटची हिरवी झाक टिंटने, गुलाबी-जांभळ्या बाजूला सरकवून काढा.

५. शेवटी चेहरे पाहा. कुंकू लाल, झेंडू केशरी आणि चेहरे ओळखीचे दिसले की थांबा.

६. एकाच जागी, एकाच प्रकाशात काढलेल्या बाकीच्या फोटोंना तेच सेटिंग कॉपी करा.

सगळेच पांढरे करू नका

व्हाइट बॅलन्स म्हणजे प्रत्येक पिवळेपणा घालवणे नव्हे. ट्यूबलाइटची झाक उपरी आहे, ती काढावी. पण लक्ष्मीपूजनाच्या पणत्यांचा उजेड हा त्या संध्याकाळचाच भाग आहे. तो पूर्ण पुसला तर पणतीची ज्योत पांढरी होते आणि दिवाळी दिवाळी वाटत नाही. अशा वेळी टेम्परेचर खऱ्या आकड्यापेक्षा थोडे वर, २५०० ते ३००० च्या आसपास ठेवून पाहा. ऊब टिकते आणि चेहरेही दिसतात.

हळदीच्या कार्यक्रमात ऑटोवर विसंबू नका. नवरी पिवळी, साडी पिवळी, झेंडू पिवळे; कॅमेऱ्याला वाटते की प्रकाशच पिवळा आहे आणि तो फोटो निळसर करतो. तिथे एक आकडा ठरवून तो सगळ्या फोटोंना द्या.

खिडकीचा उजेड आणि बल्ब एकत्र असतील तर एका आकड्याने भागत नाही. आधी चेहऱ्यांवरचा प्रकाश बरोबर करा, मग मास्क वापरून उरलेला भाग वेगळा सुधारा.

रॉलाही मर्यादा आहेत

रंगमंचावर फक्त निळे एलईडी असतील तर लाल रंगाची नोंद जवळजवळ होतच नाही. जे टिपलेच नाही ते परत आणता येत नाही. असा फोटो कृष्णधवल करणे उत्तम. जुन्या ट्यूबलाइटचा रंग विजेबरोबर लुकलुकतो, त्यामुळे लागोपाठच्या फोटोंतही रंग बदलतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे शटर १/६० ठेवा. ब्रिटन आणि दुबईत ५० हर्ट्झची, तिथे १/५०. शिवाय कार्यक्रमाआधी मखरासमोर एक ग्रे कार्ड धरून फोटो काढून ठेवला, की क्लिक कुठे करायचे हा प्रश्नच मिटतो.

आणि हो, सुधारलेले जेपेग सर्वांना पाठवा, पण मूळ रॉ फाइल पुसू नका. आज न जमलेला रंग उद्या जमेल, तोही फाइल असेल तरच!