रोबोकोड : नेम आणि स्वगती

रोबोकोड या प्रोग्रामिंगच्या खेळात चालत्या रणगाड्यातून नेम धरताना स्वतःच्या हालचालीचा हिशेब करण्याची पद्धत. मॅथ्यू नेल्सन यांनी तयार केलेला हा खेळ २००१ मध्ये आयबीएमने प्रसिद्ध केला. स्पर्धक जावा भाषेत रणगाड्याचा प्रोग्राम लिहितो आणि लढत सुरू झाल्यावर त्याला हस्तक्षेप करता येत नाही. शत्रू पुढे कुठे जाईल याचा केवळ अंदाज बांधता येतो. स्वतःची पुढची जागा मात्र स्वतःच्याच आज्ञांवरून काढता येते. म्हणून स्वतःच्या हालचालीमुळे नेमात होणारी चूक पूर्णपणे टाळण्याजोगी आहे.

चुकीचे मूळ खेळाच्या क्रमात आहे. प्रत्येक टर्नमध्ये गोळी आधी सुटते, मग तोफ वळते आणि रणगाडा सरकतो. त्यामुळे आत्ता दिलेला कोन पुढच्या टर्नमध्ये, नव्या जागेवरून झाडलेल्या गोळीलाच लागू पडतो. कमाल वेग टर्नला ८ पिक्सेल असल्याने गोळीची रेषा तेवढी बाजूला सरकू शकते. रणगाडा ३६ पिक्सेल रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १८. तेव्हा ८ पिक्सेलने काय बिघडते, असा आक्षेप घेतला जातो. पण शत्रूविषयीचा अंदाजही थोडा चुकतोच, आणि त्यासाठी ठेवलेल्या १८ पिक्सेलच्या सवलतीतला जवळजवळ निम्मा भाग ही चूक खाऊन टाकते. रणगाड्याचे धड वळल्याने होणारी चूक याहून मोठी. तोफ मुळात धडाबरोबर फिरते. पूर्ण वेगात धड टर्नला ४ अंश वळते आणि ४०० पिक्सेल अंतरावर तेवढ्याने गोळी सुमारे २८ पिक्सेल हुकते. तोफेचे वळण धडापासून वेगळे करणारी सोय खेळात आहे, ती सुरुवातीलाच चालू करावी.

खऱ्या तोफेप्रमाणे स्वतःचा वेग गोळीच्या वेगात मिळवावा, हा आग्रह इथे गैरलागू आहे. रोबोकोडमध्ये गोळीचा वेग २० वजा गोळी झाडताना वापरलेल्या शक्तीच्या तिप्पट एवढाच असतो. रणगाड्याची गती तिला मिळत नाही. थांबून गोळी झाडण्याचा सल्लाही महाग पडतो : वेग टर्नला फार तर २ ने घटतो, त्यामुळे पूर्ण वेगातून थांबायला ४ टर्न जातात आणि स्थिर रणगाडा हे शत्रूचे सर्वांत सोपे लक्ष्य ठरते. तेव्हा वेग, दिशा आणि दिलेल्या आज्ञा यांवरून एका टर्नपुढची आपली जागा काढून तिथूनच कोन मोजणे, हाच योग्य मार्ग होय.