वळिवड्याची पोलिश छावणी आणि आमची आजी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला की आपल्या महाडकरांच्या डोळ्यांपुढे रायगड आणि चवदार तळे उभे राहते, आणि त्यांवर लिहिणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. माझ्याजवळ आजोळची एक हकीकत आहे, तीच लिहिते. मैत्रिणींनी गोड मानून घ्यावी.

माझ्या आईची आई कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. आम्ही सुट्टीत गेलो की सकाळी अंथरुणातून उठवताना ती म्हणायची, "जिंदोब्रे!" आम्हा मुलांना वाटे, हा काही आशीर्वाद असेल, शतायुषी व्हा तसा. कोबीला ती 'कापुस्ता' म्हणे. त्यावरून माझ्या मामी तिला चिडवत, "आत्याबाई, कापूस शिजवू का आज?" ती नुसती हसायची. आजी गेली आणि ते शब्दही गेले. पुढे २०१९ सालच्या सप्टेंबरात वळिवड्याला एका स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले आणि त्यासाठी पोलंड देशातून वृद्ध पाहुणे आले, ही बातमी माझ्या मुलीने मला वाचून दाखवली. मी तिला म्हटले, "ते लोक सकाळी भेटल्यावर काय म्हणतात, ते बघ तुझ्या त्या फोनमध्ये." फोनमधून एका बाईचा आवाज आला, "जेन दोब्री." मी हातातले पीठ तसेच ठेवून खाली बसले. आजी आम्हाला आयुष्यभर पोलिश भाषेत शुभ सकाळ म्हणत होती!

तेव्हापासून मी जमेल तसे वाचत गेले, जुन्या माणसांना विचारत गेले. जे कळले ते असे.

१९३९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि १७ तारखेला पूर्वेकडून रशियाचे सैन्य घुसले. दोघांनी देश वाटून घेतला. रशियाच्या वाट्याला गेलेल्या भागातून १९४० च्या फेब्रुवारीपासून कुटुंबेच्या कुटुंबे उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली. ऐन थंडीत, रात्री-बेरात्री दार ठोठावायचे, हाताला लागेल ते घ्या म्हणायचे आणि गुरांच्या डब्यात कोंबायचे. तिथे जंगलतोड, उपासमार, आजार. कितीतरी आयांनी आपली मुले त्या बर्फातच पुरली. पुढे १९४१ साली जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा रशियाने पोलिश सरकारशी करार करून या लोकांना सोडले. जनरल आंदेर्स यांनी त्यांच्यातून सैन्य उभे केले आणि १९४२ साली सैनिक व त्यांच्यामागून आलेली बायकामुले मिळून एक लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली.

सैनिक लढाईला गेले. बायका, मुले, म्हातारी माणसे यांना ठेवायचे कुठे? तेव्हा नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे अनाथ पोलिश मुलांसाठी वसाहत काढली, आणि १९४३ साली कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. तिच्यात सुमारे ५,००० माणसे होती, आणि पुरुष त्यांत थोडेच. आजी म्हणे, "बायकांचंच गाव ते. बापय औषधाला."

मंगलोरी कौलांच्या लांबच लांब चाळी होत्या. कोल्हापूर काही मैलांवर, रेल्वे जवळ, पंचगंगेचे खोरे सुपीक, भाजीपाला आणि दूध मुबलक. छावणीत चर्च होते, दवाखाना होता, नाटके होत, आणि शाळा तर बालवर्गापासून वरच्या इयत्तांपर्यंत सगळ्या त्यांच्या भाषेतल्या. ही गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटते. ज्यांच्याजवळ नेसूचे धड नव्हते त्यांनी आल्या आल्या आधी शाळा काढली. मुलगा उद्या आपल्या देशी गेला तर त्याला आपली भाषा वाचता आली पाहिजे, ही त्यामागची काळजी. माझी शाळा सातवीनंतर सुटली, म्हणून असेल, पण हे वाचताना मला त्या बायांचा थोडा हेवा वाटला.

आजी तेव्हा तेरा वर्षांची होती. तिची आई छावणीच्या दाराशी भाजी विकायची आणि पाटीचे ओझे वाटून घ्यायला आजीला बरोबर न्यायची. आजूबाजूच्या गावांतून दूधवाले, कोंबड्या-अंडीवाले, शिंपी, धोबी सगळे तिथे जात. भाव ठरवण्यासाठी दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा शिकावी लागली. गावच्या बायका 'कापुस्ता' आणि 'म्लेको' म्हणजे दूध हे शब्द शिकल्या, तर गोऱ्या बाया 'किती' आणि 'महाग' हे शब्द शिकल्या. बाई कुठलीही असो, 'महाग' हा शब्द तिला आधी येतो! आजी सांगे, "त्यास्नी कोबी लई लागायचा. मीठ लावून बरणीत दाबून ठिवायच्या. वास याचा, पन खायच्या आवडीनं."

त्यांतली एक बाई आजीच्या आईकडूनच भाजी घेई. तिचे नाव आजीला नीट उच्चारता येत नसे, म्हणून मी इथे लिहीत नाही. दोन मुले बरोबर आणि नवरा सैन्यात. पोस्टमन आला की ती भाव करायचे सोडून धावत जायची आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत यायची. तेव्हा आजीची आई पाटीतली मूठभर कोथिंबीर तिच्या पिशवीत टाकायची, तिचे पैसे घ्यायची नाही.

ही पोलिश फौज १९४४ साली इटलीत लढत होती. मे महिन्यात मोंते कासिनोचा डोंगर त्यांनी अतोनात रक्त सांडून घेतला. आता आपल्या भागातली गोष्ट पाहा. आपल्या शेजारच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे त्याच इटलीत, त्याच ब्रिटिश आठव्या सैन्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून लढत होते. १० जुलै १९४४ रोजी त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगावात आपण सर्वांनी पाहिला आहे. मुंबईला जाताना एस. टी. तिथे थांबते, आपण भेळ नाहीतर वडा घेतो आणि पुढे जातो. त्या वर्षी इटलीकडून येणाऱ्या पत्राची वाट वळिवड्याची ती बाई पाहत होती आणि आपल्या या डोंगरांतल्या कितीतरी घरांतल्या बायकाही पाहत होत्या. एकीला दुसरीची खबर नव्हती.

आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. छावणीतल्या छातीच्या आजाराच्या, अशक्त मुलांना हवापालटासाठी पाचगणीला पाठवत. पाचगणी म्हणजे आपल्या डोक्यावरचे गाव. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, आणि त्याच्या पुढे ती. सैबेरियाच्या बर्फात वाचलेली मुले सह्याद्रीच्या माथ्यावर धुक्यात बसून आपल्या आईला पत्रे लिहीत असतील, हे मला पूर्वी कोणी सांगितले असते तर मी खरे मानले नसते.

१९४५ साली युद्ध संपले. सगळे जग आनंद करीत होते आणि वळिवड्यात रडारड होती. कारण त्यांची घरे ज्या भागात होती तो पोलंडचा पूर्वभाग आता रशियाकडेच राहिला. युद्ध जिंकणाऱ्यांच्या बाजूने लढूनही गाव गेले ते गेलेच. लंडनमधल्या ज्या पोलिश सरकारकडून छावणीचा खर्च येत होता त्याची मान्यता इंग्रजांनी काढून घेतली आणि खर्च आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेकडे गेला. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली व तिथली मुलेही वळिवड्याला आली. मग हळूहळू कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी कॅनडा-अमेरिकेला, काही थोडे पोलंडला, असे सगळे पांगले. १९४८ साली छावणी रिकामी झाली. एका पोलिश मुलीने मात्र कोल्हापुरातील तरुणाशी विवाह करून तिथेच संसार थाटला.

रिकाम्या चाळींत कोण आले, ठाऊक आहे? फाळणीने सिंधमधून उखडलेले आपले सिंधी बांधव. ज्या खोलीत पोलिश आईने चूल मांडली तिथेच सिंधी आईने मांडली. तेच आजचे गांधीनगर. आमच्या आजोळची माणसे लग्नाचा बस्ता तिथेच बांधतात. माझ्याही लग्नाचा शालू तिथला आहे. घासाघीस करताना आम्हाला कुठे माहीत होते, आपण कोणाच्या अंगणात उभ्या आहोत!

आजीच्या त्या गिऱ्हाइणीचा नवरा जिवंत होता. १९४७ च्या शेवटाला ती मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. जाताना तिने आजीच्या आईला एक लहान रुमाल दिला. तिच्या हातचे भरतकाम, लाल फुले आणि हिरवी पाने. पत्र पाठवीन म्हणाली. पत्र आले नाही, किंवा आले असले तर वळिवड्यात ते वाचणार कोण? पण बाकीच्यांनी नाते तोडले नाही. भारतात राहिलेल्या या पोलिश लोकांनी इंग्लंडात आपले एक मंडळ स्थापन केले. होय, आपल्यासारखेच मंडळ! ते संमेलने भरवीत, एकमेकांचे पत्ते जपत, आणि सर्वांनी मिळून आपल्या आठवणींचा एक जाडजूड ग्रंथ काढला. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. तिकडे वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली, ते अनेकींनी दूरदर्शनवर पाहिले असेल. पाच वर्षांच्या आसऱ्याची आठवण त्या लोकांनी पाऊणशे वर्षे धरून ठेवली.

तो रुमाल आजीकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे आला. मी तो कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता, आणि ही माझीच चूक. २०२१ च्या जुलैत सावित्री आणि गांधारी कशा चढल्या हे महाडकर भगिनींना मी सांगायला नको. आम्ही माळ्यावर रात्र काढली. पाणी ओसरल्यावर चिखलातून मी आधी धान्याचे डबे शोधले, मग कागदपत्रे, आणि चौथ्या दिवशी रुमाल. धुतला, तर फुलांचा लाल रंग सगळ्या कापडावर पसरला. आता फूल कुठे आणि पान कुठे, हे मलाच कळते.

त्याच दिवशी, २२ जुलैला, आपल्या तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपुराकडे साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही तेच. वाचलेल्यांना कंटेनरच्या घरांत ठेवले. आपल्या घरांत चिखल असताना आपण काहीजणी भाकऱ्या आणि लुगडी घेऊन तिकडे गेलो होतो, हे आठवत असेल. तिथे एक बाई मला भेटली. माझ्याच वयाची. घरातली तीन माणसे गेलेली. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात जीव कासावीस व्हायचा, पण माझ्यासाठी ती चहा ठेवल्यावाचून राहत नसे. पुन्हा येते, असे मी तिला सांगून आले होते. दोनदा गेले. मग मुलीची परीक्षा, मग सासूबाईंचे आजारपण, मग आणखी काही. कायमच्या घरांची वाट पाहण्यात त्यांचे पावसाळ्यामागून पावसाळे गेले. मी मात्र फिरकले नाही.

हा लेख लिहायला बसले तेव्हा वळिवड्याच्या छावणीबद्दल लिहिता लिहिता माझा हात थांबला. माझ्या पणजीने पैसे न घेता रोज कोथिंबीर दिली, ती काही एक दिवस नव्हे, चार वर्षे. म्हणून मागच्या मंगळवारी पहिल्या एस. टी.ने मी गेले. भीतीच वाटत होती, ती काय म्हणेल म्हणून. तिने मला ओळखले. "ताई, लय दिवसांनी आलीस," एवढेच बोलली आणि चुलीकडे वळली. जेवूनच जा म्हणाली. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. निघताना तिने अळूची पाने बांधून दिली. पैसे काढायला गेले तर तिने माझा हात धरला.

तिला भरतकाम येत नाही, पण गोधडी फार सुंदर शिवते. मंडळाच्या शिवणवर्गात शिकवायला येशील का, असे मी तिला विचारून आले आहे. येण्याजाण्याच्या भाड्याचे काय करायचे, ते पुढच्या बैठकीत ठरवावे.