आज्ञाधारक पोराची गोष्ट

मंडळी, या विकांताचा विषय जरा आडवाटेचा आहे: अमेरिकेतल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या संघटना. "तू कोड लिहितोस, तुला काय करायचंय त्यांच्याशी?" असं बायकोनेही विचारून झालंय. कारण साधं आहे. माझा मामेभाऊ रेसिडेंट डॉक्टर आहे. त्याची ड्यूटी एकदा लागली की ३६ तास सुटत नाही, आणि फोनवर बोलता बोलता गडी झोपतो. हे असं का, कोणी ठरवलं, आणि कुठे कोणी बदललं का, हे शोधायला निघालो आणि वाटेत ही गोष्ट सापडली. आता ती मला तासांच्या भानगडीपेक्षाही जास्त आवडायला लागली आहे.

सुरुवात १९४०च्या दशकातून करू. तेव्हा अमेरिकेत इंटर्न आणि मेडिकलच्या मुलांची एक संघटना होती, 'असोसिएशन ऑफ इंटर्न्स अँड मेडिकल स्टुडंट्स'. (लघुरूप एम्स. आपलं दिल्लीचं नव्हे!) मेडिकलच्या प्रवेशात वंश आणि धर्म बघू नका, सगळ्या देशाला आरोग्य विमा द्या, असं या मुलांचं म्हणणं. आज वाचताना यात काही भयंकर वाटत नाही. पण काळ बघा. अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव मांडला होता आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशन, म्हणजे एएमए, ही १८४७ पासूनची डॉक्टरांची बलाढ्य संघटना त्यावर तुटून पडली होती. डिसेंबर १९४८ मध्ये एएमएने प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलर गोळा करायचं ठरवलं आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिटेकर आणि बॅक्स्टर या नवरा-बायकोच्या प्रचारकंपनीला कामाला लावलं. या जोडप्याने काय करावं? ल्यूक फिल्ड्स या चित्रकाराचं १८९१ सालचं एक प्रसिद्ध चित्र आहे, आजारी पोरापाशी रात्र जागवणाऱ्या डॉक्टरचं. ते घेतलं, त्याखाली 'या चित्रात राजकारण आणू नका' अशा अर्थाची ओळ टाकली, आणि दवाखान्या-दवाखान्यांत लावून दिलं. मार्केटिंगवाल्या मित्रांनो, अभ्यासक्रमात घ्या हे. ट्रुमन यांचा विमा काही आला नाही.

आता अशा वातावरणात आपलीच पोरं उलट बोलतायत म्हटल्यावर एएमएला ती डावी, धोकादायक वाटू लागली नसती तरच नवल. त्यावरचा उपाय मात्र हुशारीचा होता. पोरांना गप्प करण्यापेक्षा आपणच दुसरं, शहाणं पोर का जन्माला घालू नये? तर १९५० मध्ये शिकागोत एएमएच्या छत्रछायेखाली 'स्टुडंट अमेरिकन मेडिकल असोसिएशन' स्थापन झाली. सामा. मुलांनी यावं, संघटित वैद्यकाची ओळख करून घ्यावी, स्वतःचं मासिक काढावं (औषध कंपन्यांच्या जाहिराती होत्याच), आणि पास झाल्यावर मुकाट्याने थोरल्या संघटनेत दाखल व्हावं. जुनी एम्स काही वर्षांतच विरून गेली.

दहाएक वर्षं पोर खरंच आज्ञाधारक राहिलं. एवढं की १९६०च्या दशकात ज्या मुलांना काही करून दाखवायचं होतं ती सामाच्या वाटेला गेलीच नाहीत. हॉवर्ड आणि मेहॅरी या कृष्णवर्णीयांच्या दोन मेडिकल कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी १९६४ मध्ये 'स्टुडंट नॅशनल मेडिकल असोसिएशन' काढली. यामागे एक खरी जखम होती. एएमए स्वतः कोणाला नाही म्हणत नसे, पण तिचं सभासदत्व मिळायचं स्थानिक शाखांमार्फत, आणि दक्षिणेतल्या कित्येक शाखा काळ्या डॉक्टरांना दारात उभं करत नसत. म्हणून त्या डॉक्टरांनी १८९५ मध्येच आपली वेगळी राष्ट्रीय संघटना काढली होती. आता मुलांनीही आपली काढली.

दुसरं प्रकरण 'स्टुडंट हेल्थ ऑर्गनायझेशन्स'चं. इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा आहे. १९६५ च्या सुमारास मेडिकल, नर्सिंग, डेंटल, समाजकार्य अशा निरनिराळ्या शाखांची मुलं एकत्र आली. १९६६ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात, १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये आणि शिकागोत, असे त्यांचे उन्हाळी प्रकल्प झाले. गरीब वस्तीत राहायचं, शेतमजुरांची, झोपडपट्टीतल्या पोरांची तपासणी करायची, कोणाला कुठला दवाखाना मिळत नाही याची नोंद करायची. गंमत म्हणजे पैसा बऱ्याच अंशी सरकारचाच, गरिबीविरोधी योजनांमधला.

शिकागोत या कामात पुढे असलेला एक विद्यार्थी म्हणजे फिट्झह्यू मुलन. हा १९६५ चा उन्हाळा मिसिसिपीत नागरी हक्क चळवळीत काढून आला होता. पुढे १९७६ मध्ये त्याने 'व्हाइट कोट, क्लेंच्ड फिस्ट' हे आत्मकथन लिहिलं. अशी पुस्तकं बहुतेक वेळा 'आम्ही किती भारी होतो' छापाची असतात, हे तसं नाही.

या उन्हाळी कामातली खोच सरळ आहे. सप्टेंबर आला की कॉलेज सुरू. मुलं परत वर्गात, आणि वस्ती होती तिथेच. तुम्ही माझ्या पोराचे खराब दात मोजून गेलात, आता ते नीट कोण करणार? असं एखाद्या आईने विचारलं तर उन्हाळी मुलांकडे उत्तर नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर पायलट झकास, पण मेंटेनन्सला माणूस नाही! वर गरिबांनी 'आमच्यावर शिकायला येता' म्हणायचं आणि आतल्या आत 'दवाखाना चालवायचा की क्रांती करायची' यावर मुलांची भांडणं. १९७० च्या आसपास ही संघटना संपली. मला स्वतःला या मुलांबद्दल आदर आहे, पण दर चार वर्षांनी ज्यांची सगळी टीम बदलते त्यांनी रुग्णसेवेचं वचन देऊ नये असंच वाटतं. ते वचन पाळायला दहा वर्षं त्याच खुर्चीवर बसणारं माणूस लागतं.

पण काम वाया गेलं असंही म्हणवत नाही. ३१ डिसेंबर १९७० रोजी निक्सन यांनी (हो, निक्सन यांनीच) एका कायद्यावर सही केली आणि त्यातून 'नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर' उभं राहिलं: जिथे डॉक्टर जायला तयार नाहीत तिथे सरकारने पगारी डॉक्टर पाठवायचे. पुढे शिष्यवृत्ती आली, म्हणजे शिक्षणाचा खर्च सरकारचा आणि त्याबदल्यात काही वर्षं दुर्लक्षित भागात नोकरी. उन्हाळा संपला तरी न संपणारी गोष्ट. या योजनेत सुरुवातीलाच दाखल झालेल्यांत आपले मुलनसाहेब होते, न्यू मेक्सिकोत. आणि १९७७ ते १९८१ या काळात ते तिचे संचालक होते.

इकडे सामाचं काय? बाहेर एवढा गोंधळ चालू असताना घरातलं शहाणं पोरही बिघडलं. :) एएमएने १९६५ च्या मेडिकेअरला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याला, शेवटपर्यंत विरोध केला होता. त्याच्या आधी रोनाल्ड रेगन नावाच्या नटाच्या आवाजात 'सरकारी वैद्यक नको' अशी ग्रामोफोनची तबकडीही काढली होती (१९६१). अशा संघटनेची बालशाखा म्हणवून घ्यायची मुलांना लाज वाटू लागली असावी. १९६८ पासून सामा पूर्ण स्वतंत्र झाली. १९६९ मध्ये तिची मुलं ॲपालाचियाच्या डोंगराळ, कोळशाच्या खाणींच्या मुलखात आरोग्य प्रकल्पावर गेली. १९७५ मध्ये नावही उलटंपालटं करून 'अमेरिकन मेडिकल स्टुडंट असोसिएशन', म्हणजे ॲमसा केलं. शब्द तेच, पण आता 'अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे विद्यार्थी' असा अर्थ लागायला नको.

आणि मेंटेनन्सच्या प्रश्नावर त्यांच्याकडे एक बरी पद्धत होती: राष्ट्रीय अध्यक्षाने वर्षभर शिक्षणातून सुट्टी घ्यायची आणि पूर्णवेळ संघटनेचं काम करायचं. जोडीला कायमचे पगारी कर्मचारी. म्हणजे माणसं बदलली तरी कपाटातल्या फायली जागेवर.

आता मामेभावाच्या तासांकडे येतो. 'रेसिडेंट' हा शब्दच सांगतो की हा प्राणी रुग्णालयात राहतो. ही पद्धत रुजवली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने, १८८९ नंतर. तिथले थोर सर्जन हॉल्स्टेड कोकेन आणि नंतर मॉर्फिनच्या व्यसनात होते, ही त्या अमानुष वेळापत्रकावरची माझी आवडती तळटीप. व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला तो १९८४ च्या मार्चमध्ये. लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी ताप आणि झटके येतात म्हणून न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये दाखल झाली आणि काही तासांतच गेली. ती घेत असलेली नैराश्यावरची गोळी आणि तिथे दिलेलं पेथिडिन यांचं एकमेकांशी जमत नाही. तिला बघणारे डॉक्टर शिकाऊ होते आणि इंटर्नच्या अंगावर त्या रात्री आणखी डझनावारी पेशंट होते. वडील वकील आणि पत्रकार. त्यांनी प्रकरण सोडलं नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली.

बाकीची ४९ राज्यं? जैसे थे. मग एप्रिल २००१ मध्ये ॲमसा, रेसिडेंट डॉक्टरांची युनियन आणि 'पब्लिक सिटिझन' या तिघांनी मिळून कामगार सुरक्षा खात्याकडे अर्ज केला. युक्तिवाद मला फार आवडला. पेशंटच्या सुरक्षिततेबद्दल बोलायला गेलं की मोठे डॉक्टर म्हणतात, तुम्हाला काय कळतंय. म्हणून मुलं म्हणाली, आम्ही कामगार आहोत, आणि न झोपलेला कामगार घरी जाताना गाडी ठोकतो. ट्रक ड्रायव्हरला तासांची मर्यादा आहे, आम्हाला का नाही? त्याच वर्षी काँग्रेसमध्ये या विषयावरचं विधेयकही आलं. खात्याने २००२ मध्ये अर्ज फेटाळला, विधेयकही पास झालं नाही. पण सरकारने कायदा करण्याआधी आपणच काहीतरी केलेलं बरं, असं प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेला वाटलं आणि जुलै २००३ पासून देशभर नियम आला: आठवड्याला ८० तास (तेही चार आठवड्यांची सरासरी), सात दिवसांत एक सुट्टी, सलग २४ तास आणि वर फार तर ६. म्हणजे अर्ज हरला आणि मागणी बऱ्यापैकी जिंकली!

आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तास लिहिलेले आहेत. अमेरिकेपेक्षा ११ वर्षं आधी, आणि कितीतरी उदार! हे मामेभावाला सांगितलं तर तो एवढा हसला की जागा झाला.

ॲमसाचा दुसरा डाव २००२ चा. आमचं मासिकच जर औषध कंपन्यांच्या जाहिरातींवर चालत असेल तर आम्ही कोणत्या तोंडाने बोलणार, म्हणून संघटनेने तो पैसा नाकारला आणि 'फार्मफ्री' मोहीम काढली. पेन नको, फुकटचं जेवण नको. २००७ पासून त्यांनी कॉलेजांची प्रगतिपुस्तकं काढायला सुरुवात केली: एमआर लोकांना आवारात किती मोकळीक, प्राध्यापक कंपन्यांकडून काय घेतात, ते वर्गात सांगावं लागतं का. २००८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलला मिळाला 'एफ'. नापास! जन्मभर इतरांना ग्रेड देणाऱ्यांना विद्यार्थ्यांनी ग्रेड दिली. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने यावर मोठी बातमी केली आणि मग हार्वर्डने नियम कडक केले. कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेला पैसा जाहीर करायचा कायदा २०१० मध्ये झाला, आणि २०१४ पासून ते आकडे कोणालाही बघता येतात.

राहिली एएमए. सामा हातची गेल्यावर तिने १९७०च्या दशकात पुन्हा एकदा स्वतःचा विद्यार्थी विभाग उभा केला. या वेळी थेट घरातच, मतदानाच्या हक्कासकट. जून २०१९ मध्ये एएमएची वार्षिक सभा शिकागोत भरली, जिथे १९५० मध्ये सामाचं बारसं झालं होतं त्याच गावात. बाहेर रस्त्यावर नर्सेस आणि मेडिकलची मुलं राष्ट्रीय विम्यासाठी घोषणा देत होती. आत याच घरच्या विद्यार्थी विभागाने ठराव आणला होता की सगळ्यांसाठी एकाच सरकारी विम्याला एएमएचा जो दशकानुदशकांचा विरोध आहे तो सोडून द्या. ठराव पडला, ४७ विरुद्ध ५३ टक्क्यांनी. दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, त्या विम्याविरुद्ध प्रचार करणाऱ्या विमा आणि औषध कंपन्यांच्या आघाडीतून एएमए बाहेर पडली.