तारेचं टोक कुठे टेकलंय?

पेसमेकरचा इतिहास वाचताना बॅटरी बाजूला ठेवा, तारेच्या टोकाकडे बघा.

१९५८ मध्ये न्यूयॉर्कला सेमूर फर्मन यांनी शिरेतून तार हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात नेली. पुढे त्या कप्प्याचं टोक हीच ठरलेली जागा झाली: पोचायला सोपी, तारही पक्की बसते. रुग्ण वाचत होते, मग शंका कोण घेणार? पण तिथून निघालेला विद्युतसंदेश नैसर्गिक वाट सोडून स्नायूतून हळू पसरतो. डावी बाजू उशिरा आकुंचन पावते, जोर वाया जातो.

कृत्रिम ठोका कमी जोरकस असतो, हे कार्ल विगर्स यांनी १९२५ मध्येच प्राण्यांवर दाखवलं होतं. २००२ च्या डेव्हिड चाचणीत अनावश्यक उजवं पेसिंग घातक ठरलं, तेव्हा सगळे जागे झाले. आज तार हृदयाच्या स्वतःच्या वाहक तंतूंपाशी बसवू लागलेत.

तुमच्या विषयात केवळ सोयीची म्हणून रूढ झालेली जागा कोणती? तिथूनच सुरुवात करा.